चालकाशी बोलू नये

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. सूड घ्यायचा तर नोंद पाहिजे. डोक्यात ठेवलं की माणूस हळूहळू माफ करून टाकतो, आणि या वेळी मला माफ करायचं नाही.

हकिगत अशी. आमच्या सुरभीला पोशीरचं स्थळ आलंय. मुलगा ओमकार, बँकेत आहे, पोरगा चांगला. आज घर बघायला आम्ही सहा जण लोधिवलीहून निघालो, माझ्या साडूच्या नव्या गाडीतून. साडू म्हणजे नवनाथ. मोहोपाड्याला केमिकल कंपनीत सुपरवायझर. गाडीत टीव्हीएवढी स्क्रीन. स्क्रीनमध्ये नकाशा आणि नकाशात एक बाई. सारखी बोलते.

नेरळच्या पुढे मी म्हटलं, डावीकडे घे. बाई म्हणाली, उजवीकडे वळा. तर नवनाथ मला म्हणतो, "साडूभाऊ, जरा गप बसा. बाई काय म्हणतात ते ऐकू द्या."

मला! एकोणतीस वर्षं कंपनीची स्टाफ बस चालवली मी. मोहोपाडा ते कर्जत, कर्जत ते मोहोपाडा. माझ्या डोक्यावर पाटी होती, 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये'. जनरल मॅनेजर बसला तरी माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आणि ही कोण कुठली बाई, तिला पाटी लागू नाही?

गाडी उजवीकडे वळली. पोशीर लगेच आलं. योगायोग. मागच्या सीटवरून आमची सौ. म्हणाली, बरं झालं, ह्यांचं ऐकलं नाही. तीस वर्षांच्या संसाराचं फळ.

संकल्प: नवनाथला धडा. त्या बाईला धडा. साखर बंद.

५ नोव्हेंबर, बुधवार

शत्रूचा अभ्यास करायचा म्हणून सुरभीकडून माझ्या फोनमध्येही बाई घालून घेतली. सुरभी हसली. म्हटलं, अभ्यासापुरती आहे. माझ्या जुन्या व्हॅनच्या डॅशबोर्डवर फोन रबरबँडने बांधला.

प्रयोग पहिला. आवाज बंद, फक्त चित्र. चौक गावाच्या नाक्यापर्यंत गेलो. निळी रेघ, रेघेवर बाण, बाण म्हणजे मी. बाण इतका झकास चालला होता की बघत राहावं. बघत राहिलो आणि केळीवाल्याची हातगाडी मध्ये आली. तो म्हणतो गाडी उभीच होती. उभी होती, पण मध्ये होती. दोन डझन केळी घ्यावी लागली. निष्कर्ष: चित्र बघून चालवणारा आंधळा असतो.

प्रयोग दुसरा, दुपारी. स्क्रीनवर रुमाल टाकला, फक्त आवाज. बाई म्हणाली, तीनशे मीटरवर उजवीकडे वळा. आता तीनशे मीटर म्हणजे काय? पिंपळ सांग, पिठाची गिरण सांग, कुणाचा गोठा सांग. मी तिला हे समजावून सांगत होतो तेवढ्यात वळण मागे गेलं. निष्कर्ष: बाईला अंतर कळतं, रस्ता कळत नाही. हे वाक्य नवनाथसाठी राखून ठेवलंय.

केळी बघून सौ.ने शिकरण केलं. साखर उद्यापासून बंद.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुडाला सुरुवात. खोपोलीला बारशाला जायचं होतं. बाईला पत्ता दिला आणि ती उजवीकडे म्हणाली की मी डावीकडे, डावीकडे म्हणाली की मी सरळ. दर वेळी तिला आपला शब्द फिरवावा लागला. बाईचं नाक असतं तर कापलं गेलं असतं. एक मात्र जिव्हारी लागलं. ती चिडत नाही. एकदाही नाही. तेवढ्याच गोड आवाजात नवा रस्ता सांगते. माझ्या घरात असं कोणी बोलत नाही.

शेवटी एका फार्महाऊसच्या गेटात जाऊन थांबलो. आत दोन कुत्री होती. सौ. गाडीतून उतरायला तयार होईना आणि गाडीत बसायलाही तयार होईना. बारशाला पोचलो तेव्हा नाव ठेवून झालं होतं, बाळ झोपलं होतं, घुगऱ्या संपल्या होत्या. पेट्रोल बरंच गेलं. पण जिंकलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

साखरपुड्याची बैठक. ३० तारखेला, रविवारी, आपल्याच दारात. मुहूर्त बारा वीसचा.

आमच्या भावकीत एक पद्धत आहे. मुलाकडची माणसं पहिल्यांदा दारात येणार असली की त्यांना एकटं येऊ देत नाहीत. आपली एक गाडी अर्ध्या वाटेत, कर्जतच्या चार फाट्यावर जाऊन थांबते आणि पुढे राहून त्यांना घेऊन येते. तिला म्हणतात पुढची गाडी. ती चालवणाऱ्याला पाहुणे भर मांडवात टोपी, टॉवेल, नारळ देतात. गावात आजवर पुढची गाडी म्हणजे सहदेव, म्हणजे मी. आमच्या घरात टॉवेल कधी विकत आणलेला नाही.

मी बोलायला उठणार तेवढ्यात आमचा थोरला, सखादादा, म्हणाला की तू मुलीचा बाप, तू दारात पाहिजेस. व्याह्यांच्या पायावर पाणी कोण घालणार? सुपारी कोण देणार? मुद्दा बरोबर होता. मग पुढची गाडी कुणाची? सगळे एका तोंडाने म्हणाले, नवनाथची. त्याच्याकडे बाई आहे, चुकायचा प्रश्नच नाही.

म्हणजे टॉवेल बाईला!

नवनाथ मान खाली घालून लाजला. असा राग आला की चहात दोन चमचे जास्त घातले.

माणसं गेल्यावर सुरभी जवळ येऊन बसली. म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी तुम्ही दारात असाल ना? मला बाकी काही नको." म्हटलं, असं काय विचारतेस, बाप आहे तुझा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

योजना तयार. लिहितानाही अंगावर काटा येतोय.

चार फाट्यावरून चौककडे येताना ओढ्यावर अरुंद पूल आहे. एका वेळी एकच गाडी. पाहुणे पुलाशी यायच्या वेळेला पुलावर एक टेंपो बंद पडेल. बाई म्हणत राहील सरळ जा, सरळ जा, आणि समोर टेंपो. व्याह्यांच्या देखत नवनाथचा आणि बाईचा पचका. तेवढ्यात ओढ्याकडच्या आतल्या रस्त्याने मी पुलापलीकडे प्रकट होणार. म्हणणार, चला माझ्या मागे. आतल्या रस्त्याने वरात थेट लोधिवलीत. हा रस्ता नकाशात नाही, माझ्या डोक्यात आहे. पुराच्या वर्षी अख्खी स्टाफ बस मी तिथून काढली होती. बारा वाजायच्या आत मी परत दारात. पुढच्या गाडीतही मी, दारातही मी.

टेंपो गजाचा. गजा माझा शाळेपासूनचा दोस्त, सध्या भाताचा पेंढा वाहतो. त्याला म्हटलं, अर्धा तास बंद पडल्याचं नाटक करायचं.

"नाटक कशाला रं," गजा म्हणाला, "तो तसाबी बंदच पडतो."

असा दोस्त मिळायला भाग्य लागतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गजा म्हणाला, आतला रस्ता एकदा बघून ये, लय दिवसांत गेला नायस. मी हसलो. रस्ता काय पळून जातोय? साखर आज जवळजवळ बंद.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वेळ नेमकी साधायची तर नवनाथ कुठे आहे ते क्षणाक्षणाला कळलं पाहिजे. ऋषिकेशला, म्हणजे सखादादाच्या मुलाला, सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकायचं. म्हणजे आपला फोटो टिकलीसारखा नकाशावर दिसतो आणि आपण जाऊ तसा सरकतो. आपला 'सुरभी साखरपुडा' ग्रुप आहेच. दोन्ही घरची माणसं आहेत त्यात. मी लगेच सूचना टाकली की ३० तारखेला गाडीवाल्यांनी आपापलं लोकेशन टाकावं, पाहुण्यांची गैरसोय नको. सगळ्यांनी अंगठे दिले. ओमकारने तर हात जोडले. किती काळजी करतो सासरा, असं वाटलं असणार.

मला सगळे दिसणार, आणि माझ्या मनात काय आहे ते कुणाला दिसणार नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पनवेलला सुरभीची साडी आणायला गेलो. बाई चालू ठेवली होती, फक्त पाळत म्हणून. पुढे गर्दी आहे म्हणाली, मागच्या गल्लीतून नेलं, दुकानाच्या दारात उभं केलं. तोंडातून 'थँक्यू' निघून गेलं. सौ. परत येईपर्यंत हसत होती. शत्रूशीही सभ्यपणे वागावं, एवढंच मी म्हणेन.

साडी आंब्याच्या कोयरीची, हिरवी. सुरभीने खांद्यावर टाकून दाखवली. मी बाहेर जाऊन व्हॅनची हवा बघितली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मांडव पडला. सगळं तयार. गजा तयार. उद्या व्हॅनमध्ये ही वहीपण घेऊन जाणार. विजयाची नोंद जागेवर झाली पाहिजे.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी ८.१५. ग्रुपवर कुणीच लोकेशन टाकेना. यांना काही जमत नाही. शेवटी कसं करायचं ते दाखवायला नमुना म्हणून माझंच टाकलं. पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास असं विचारत होतं. आठ दाबलं, काम अर्धवट आवडत नाही मला. मग नवनाथनेही टाकलं. माझं काम झालं.

९.५०. घरी सांगितलं, बर्फ आणायला नाक्यावर जातो. सौ. म्हणाली, बर्फ ऋषिकेश आणेल. म्हटलं, त्याला चांगला-वाईट बर्फ कळत नाही. फोनची रिंग बंद केली. निघालो.

१०.२०. गजाचा निरोप आला, टेंपो पुलावर बंद. शाब्बास. मी आतल्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना खळी, झोडणी चालू. झकास ऊन. नवनाथची टिकली चार फाट्यावर. चहा पितायत बहुतेक. प्या.

१०.४५. रस्त्यात चर. पाइपलाइनसाठी खणलेला, माणूसभर खोल. कुणी खणला, कधी खणला, मला कुणी विचारलं? मागे घेताना मागचं चाक उकरलेल्या मातीत रुतलं. किरकोळ अडचण.

११.०५. खळ्यावरच्या चौघांनी ढकलून गाडी काढली. त्यांनी सांगितलं की शेतातून बैलगाडीची वाट आहे, पुलाच्या कर्जतच्या अंगाला निघते. मला माहीतच होतं. नवनाथची टिकली आता हलतेय, पण भलतीकडे! खोपोलीच्या दिशेने! चुकला! बाईने पार वाट लावली त्याची. स्टिअरिंगवर डोकं टेकून हसलो. सगळे पाहुणे त्याच्या मागे खोपोलीला चाललेत.

११.३०. मेन रोडला निघालो. शेवटचा बांध व्हॅन उतरली, पण परत चढायची नाही. माझ्यापुढे बस, दोन डंपर, पिकअप, आणि टोकाला पुलावर गजाचा टेंपो. मागेही गाड्या लागल्या. पाहुणे यातले कोणीच नाहीत. चालत पुढे गेलो. लोक टेंपोवाल्याला शिव्या घालत होते. संशय नको म्हणून मीही दोन घातल्या. तेवढ्यात गजा बॉनेटमधून बाहेर आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "सहदेवभाव, तू सांगितलास तसा बंद पाडला, पण आता चालूच व्हत नाय रं."

लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी व्हॅनकडे परत आलो. जरा घाईने आलो.

११.४०. रस्ता समजावा एवढ्यापुरती बाई चालू केली. म्हणाली, पुढे वाहतूक कोंडी आहे. मला सांगते! कोंडी मी केलीय! म्हणाली, मागे फिरा, खोपोलीमार्गे जा. नवनाथ गेला तोच रस्ता. म्हणजे नवनाथ चुकलेला नव्हता. त्याची टिकली आत्ता खालापूर सोडून चौकच्या दिशेने सरकतेय.

मागे फिरणार नाही. मेलो तरी तिच्या रस्त्याने जाणार नाही. गजा पाच मिनिटांत चालू करेल. त्याला मशीन कळतं.

११.५५. बाई पुन्हा म्हणाली, मागे फिरा. मी पाटी म्हणून दाखवली, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. ती म्हणाली, शक्य होईल तेव्हा मागे फिरा. वाहन तसं चालू नव्हतंच.

१२.०५. नवनाथची टिकली माझ्या घरावर जाऊन थांबली. बरोब्बर माझ्या दारावर. सौ.चे फोनवर फोन. एक उचलला. म्हटलं, नाक्यावरच आहे, बर्फाची गर्दी आहे, पाच मिनिटांत आलो. ती फक्त 'बरं' म्हणाली. तिच्या पद्धतीने ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१२.२०. मुहूर्त.

गजाने सेल्फ मारला. नुसती खरखर.

१२.४५. बाईने परत तेच सांगितलं, त्याच आवाजात. मी व्हॅन वळवली.

२.१५. खोपोलीत बर्फाची लादी घेतली, बोललेला शब्द खोटा पडू नये म्हणून. चौकपर्यंत निम्मी झाली. घरी पोचलो तर मांडवात शेवटची पंगत. व्हॅनच्या मागच्या दारातून पाणी गळत होतं. व्याह्यांच्या पायावर घालायचं पाणी मी असं घेऊन आलो.

व्याही आबाजी उठून सामोरे आले. कपाळाला हळद-कुंकू, हातात पानसुपारी. मी सगळं सांगितलं. नाक्यावरची गर्दी, बर्फवाल्याचा हलगर्जीपणा, लाइन कशी होती, मी कसा भांडलो. आबाजी मान डोलवत ऐकत होते. ओमकार खाली बघत होता. फार सभ्य माणसं आहेत.

मग ओमकारची आजी, येसूबाई, पाटावरूनच म्हणाली, "पर व्याही, तुमची टिकली तर पुलाव व्हती. लय येळ हालतच नव्हती."

सखादादाने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिला. ऋषिकेशने हळूच मोबाइल दाखवला. ग्रुप. नकाशावर माझा फोटो, तो निवृत्तीच्या दिवशीचा, हार घातलेला. सकाळी सव्वाआठपासून. चरापाशी, शेतात, पुलाच्या पलीकडे. आठ तास. अजून दोन बाकी होते.

नवनाथला टोपी, टॉवेल, नारळ मिळाले होते. बाप नाही म्हणून सुपारीही त्यानेच दिली. फोटो काढणारा मला म्हणाला, काका, काळजी करू नका, एडिट करून तुम्हाला घुसवतो.

सुरभी हिरव्या साडीत कोपऱ्यात बसली होती. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर मी दोन वाक्यं तयार ठेवली होती. ती म्हणाली, "मुहूर्त टळला तरी गुरुजींना थांबवलं होतं पप्पा. सगळे मोबाइल घेऊन बसलो होतो. तुमची टिकली हलायची वाट बघत."

दोन्ही वाक्यं विसरलो.

१ डिसेंबर, सोमवार

रात्रभर विचार केला. चूक गजाच्या बॅटरीची आहे. चर खणणाऱ्याची आहे. आठ तासांचं बटण एवढं मोठं ठेवणाऱ्याची आहे. सगळी नावं लिहून काढली आणि मग खोडली. कंटाळा आला.

सकाळी नवनाथ आला. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो, तर तो तिथेच आला. टोपी आणि टॉवेल माझ्यापुढे ठेवले. म्हणाला, हे तुमचं आहे साडूभाऊ, मी काय केलं, बाईने सांगितलं तसा आलो. मनात त्याला फार शिव्या दिल्या. टोमणा मारला असता तर सूड पुढे चालू ठेवता आला असता. नारळ आणला नव्हता. तो फोडून खाल्ला म्हणाला. तेवढं एक मनाला लावून घेतलंय.

चहाला साखर मागितली. सौ.ने घातली नाही. बंद केलीय म्हणे, माझ्याच संकल्पाप्रमाणे.

संध्याकाळी सुरभी आली. लग्न मेमध्ये, पोशीरला. म्हणाली, पप्पा, माझं एक ऐकाल? त्या दिवशी गाडी चालवायची नाही. नवनाथकाकांच्या गाडीत मागच्या सीटवर, माझ्या शेजारी बसायचं. एकोणतीस वर्षांत मी कधी मागे बसलो नाही. मागे बसून माणसं काय करतात तेही मला माहीत नाही. विचारलं तर म्हणाली, काही करायचं नसतं, हात धरायचा. मी हो म्हटलं. तीही उठली नाही, मीही उठलो नाही.

उद्या मोहोपाड्याला जाऊन नवनाथच्या गाडीत एकदा मागे बसून बघणार आहे. तिथून बाईची स्क्रीन दिसते का, ते आधी पाहिलेलं बरं.